घराचं बूच

मॉझेल फुल्चरने कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि कानस घेऊन ती पुन्हा घासायला बसली. सकाळचे आठ वाजले होते, पण स्वयंपाकघरात दिवेलागणीसारखा अंधार दाटला होता. दारात तिची मुलगी लिओना उभी होती. एका हातात आईची बॅग, दुसऱ्या हातात आईचा कोट.

"आई, एलवुडकाका अर्ध्या तासात होडी सोडतोय. शेवटची फेरी आहे."

"मग सोड म्हणावं त्याला."

"तू ऊठ."

"मला काम आहे."

"कसलं काम? कुऱ्हाडीला धार लावायचं?"

"मग ही पायाखालची फळ्यांची जमीन कशाने फोडू?"

लिओनाने बॅग खाली आपटली. ती काल संध्याकाळी बाहेरून आली होती. बाहेर म्हणजे खाडीपलीकडचा मुलूख. आमच्या पेलम बेटावर त्याला दुसरं नाव नाही. पलीकडे खेडं असो, शहर असो, नाहीतर खुद्द राजधानी असो, सगळं बाहेर. लिओना सतराव्या वर्षी बाहेर गेली, तिथेच लग्न करून लिओना बार्न्स झाली, तिथेच दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. आता ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधत होती. भाड्याच्या दोन खोल्या, नळाचं पाणी, विजेची शेगडी, पाच मिनिटांवर दवाखाना. रेडिओवर वादळाची बातमी ऐकून तिने रजा टाकली आणि आईला न्यायला आली. चार वर्षांतली ही पाचवी खेप. आधीच्या चारही खेपांना ती रिकाम्या हाताने परत गेली होती, आणि प्रत्येक वेळी आईने तिला खारवलेल्या माशांची बरणी देऊन धक्क्यापर्यंत पोचवलं होतं.

बेट म्हणजे तरी काय, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये आडवी पडलेली वाळूची पट्टी. पुढच्या दारातून समुद्र, मागच्या दारातून खाडी, एवढीच रुंदी. एके काळी इथे सहाशे माणसं होती. मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात अडायची आणि आमची माणसं त्यांचा माल लहान होड्यांत उतरवून घ्यायची. मग एका वादळाने खाडीचं तोंडच उचलून वीस मैल वर नेलं. जहाजं तिकडे गेली, त्यांच्यामागे माणसं गेली. उरली पाच घरं, नऊ माणसं, एक चर्च आणि एलवुड विलिसच्या ओसरीतली टपालाची खिडकी.

आणि आता सरकारला बेट हवं होतं. उद्यान करायचं म्हणे. लोक सुट्टीत येतील, शिंपले वेचतील, वाळूत पाय पसरून बसतील. वसंतात पाचही घरांना कागद आला. सप्टेंबरमध्ये पाहणी होणार. जे घर आपल्या खांबांवर उभं असेल आणि ज्यात माणूस स्वतःच्या बळावर राहत असेल, त्या घरातल्या माणसांची नावं यादीत जाणार. यादीतल्यांना मरेपर्यंत राहता येईल. खांबांवरून सुटलेलं घर पुन्हा चढवायचं नाही, आणि यादीत नाव नाही त्याला इथे जागा नाही. चर्चमध्ये एलवुडने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मॉझेल म्हणाली होती, "आमच्याच घरात राहायची आम्हाला परवानगी! केवढं मन मोठं!" सगळे हसले होते. पण तेव्हापासून प्रत्येकजण आपापले खांब तपासत होता.

"ही जमीन फोडणार आहेस तू?" लिओनाने विचारलं. "मी मागच्या वर्षी करून दिलेली?"

"तुला कोणी सांगितलं होतं करायला?"

"छान झाली म्हणालीस की तेव्हा!"

"तुझा हिरमोड नको म्हणून म्हणाले. तो हिरवा रंग मला कधी आवडलाच नाही."

लिओनाने पायाखाली पाहिलं. नव्या फळ्यांवर चिकटवलेलं मेणकापड विटकरी तांबडं होतं. आई मुद्दाम खिजवतेय असं तिला वाटलं आणि तिचं टाळकं आणखी सरकलं. ती काही बोलणार तेवढ्यात एलवुड आत आला. सत्तरीचा, काटकुळा, अंगावर मेणकापडाचा कोट.

"मॉझेल, बूच काढलंस?"

आमच्याकडे वादळाआधी कोणी कोणाला कसा आहेस, बरा आहेस का, असलं काही विचारत नाही. बूच काढलं का, एवढंच विचारतात. प्रत्येक घराच्या लाकडी जमिनीत मधोमध एक हातभर लांबरुंद भोक असतं आणि त्यात गच्च बसणारं झाकण. ते बूच. खाडी चढून घरांखाली आली की बूच काढायचं. पाणी आत येतं, घर जड होतं आणि खांबांवर बसून राहतं. बूच न काढलेलं घर रिकाम्या पिंपासारखं उचललं जातं आणि तरंगत निघतं. पाण्याला घरात घ्यायचं म्हटलं की बाहेरची माणसं आमच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतात. बघोत बापडी. त्यांची घरं कुठे तरंगतात!

"काढते," मॉझेल म्हणाली. "आधी सापडू दे."

"म्हणजे?" लिओनाने विचारलं.

एलवुडने मॉझेलकडे पाहिलं, मग लिओनाकडे. "तुझ्या त्या सुताराने बुचावरच फळ्या ठोकल्या ना, पोरी."

"त्याने? मला काही बोलला नाही!"

"त्याला काय माहीत, बूच कशाशी खातात ते. बाहेरचा माणूस. भोक दिसलं, बुजवलं. तुझी आई तेव्हा अंगणात बसली होती. तो गेल्यावर अनवाणी चालताना तिला कळलं." एलवुड खाकरला. "मी दोनदा करवत घेऊन आलो. दोनदा परत पाठवलं मला. म्हणे, राहू दे, पोरीने हौसेने केलंय."

"एलवुड," मॉझेल म्हणाली, "तुझी होडी वाट बघतेय."

ती जमीन लिओनाने आईसाठी केली होती खरी, पण त्यात तिचाही एक जुना राग होता. लहानपणी हिवाळ्यात त्या बुचाच्या फटींतून गार वारा यायचा, वाळूतल्या पिसवा यायच्या, एकदा तर खेकडा आला होता. बाहेर गेल्यावर शेजारणींना घराबद्दल सांगताना तिने बुचाचं नाव कधी काढलं नव्हतं.

"चल ना, मॉझेल," एलवुड म्हणाला. "चर्च तरी गाठ. नाहीतर माझ्याबरोबर बाहेर चल दोन दिवस."

"मी गेले आणि घर गेलं, तर मी कुठे येऊ परत? त्या कागदात नीट लिहिलंय. तूच वाचलास."

एलवुडने टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो लिओनाकडे वळला. लिओनाने आईचा कोट खुंटीला परत अडकवला.

"मी हिला टाकून होडीत बसणार नाही," ती म्हणाली.

"मग बूट काढून माळ्यावर ठेव," मॉझेल म्हणाली. "भिजतील."

दुपारी बारापर्यंत वारा समुद्राकडून होता. छपराच्या चार लाकडी कौलांना त्याने उचकटलं, कोंबड्यांचं खुराडं उलटं केलं, पण पाणी वाळूच्या टेकड्यांपलीकडेच राहिलं. दोनच्या सुमारास तो थांबला. एकदम, कोणी दार लावून घ्यावं तसा. लिओनाने सुटकेचा श्वास टाकला.

"गेलं बाई एकदाचं."

"बावीस वर्षांत सगळं विसरलीस," मॉझेल म्हणाली. "आता खाडी येईल."

आणि खाडी आली. वारा मागच्या दाराकडून फिरला आणि सकाळभर पलीकडे लोटलेलं सगळं पाणी घेऊन परतला. लाटा नव्हत्या, नुसतं तपकिरी पाणी अंगणात चढत होतं, गवत बुडत होतं, कुंपणाच्या काठ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. मग ते घराखाली शिरलं आणि जमिनीच्या खालून थपथप आवाज यायला लागला. मॉझेल अनवाणी उभी होती, पाय फाकवून, कुऱ्हाड हातात घेऊन.

"अजून बसलंय," ती म्हणाली.

थोड्या वेळाने फडताळातल्या कपबशा किणकिणल्या.

"उठतंय," ती म्हणाली आणि तिने घाव घातला.

पहिला घाव नव्या फळीतल्या खिळ्यावर बसला. ठिणगी उडाली. ती दोन पावलं सरकली आणि दुसरा घातला. तो खालच्या जाड तुळईत रुतला. तिने कुऱ्हाड उपसली, पुन्हा उचलली. तिसरा घाव लिओनाच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडला.

"आई! मी इथे उभी आहे!"

"मग बाजूला हो ना! लुडबुड कशाला करतेस मध्ये?"

"मी कुठे उभी आहे?"

मॉझेलचा हात वरच्या वर थांबला.

"सांग ना. मी कुठे उभी आहे?"

मॉझेलने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. पण ते लिओनाकडे नव्हतं. लिओनाच्या उजव्या बाजूला खिडकी होती, तिच्याकडे होतं.

"जमिनीचा रंग कोणता, आई?"

"हिरवा. किती वेळा सांगू?"

"तांबडा आहे."

घर पुन्हा हललं. या वेळी एक बशी खाली पडून फुटली.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"उजेड दिसतो मला. माणूस हलला की कळतं." मॉझेलचा आवाज चढला. "घर पायाखालून चाललंय आणि तुला तारखा हव्यात! चुलीपासून चार पावलं मोजली मी. चारच होती."

"चूल सरकवली ना सुताराने! आधी भिंतीला लागून होती ती. दे इकडे."

मॉझेल कुऱ्हाड सोडेना. लिओनाने तिची बोटं एकेक करून सोडवली. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग ती जमिनीवर पालथी झाली. लहानपणी दुपारी ती बुचावर अशीच पडायची आणि फटीतून खाली सावलीत बसलेल्या कोंबड्या बघायची. तेव्हा मान उजवीकडे वळवली की पूर्वेच्या खिडकीचा खालचा कोपरा आणि दाराची कडी एका रेषेत यायची. ती पोटावर सरकत राहिली. डोकं टेकवलं, मान वळवली. नाही. आणखी जरा मागे. कोपरा आणि कडी जुळली तेव्हा ती गुडघ्यांवर उठली, मेणकापड कुऱ्हाडीच्या टोकाने फाडलं आणि तिने घाव घालायला सुरुवात केली.

नवी फळी चिवट होती. चांगलं लाकूड आणा, असं तिनेच सुताराला बजावलं होतं. सातव्या घावाला ती चिरली. लिओनाने हात घालून तुकडे उपसले, तळहात सोलवटून घेतला, आणि खाली जुन्या पाइनच्या लाकडात बसवलेली लोखंडी कडी तिच्या बोटांना लागली. तिच्या पणजोबांनी फुटलेल्या जहाजाच्या डेकवरून सोडवून आणलेलं झाकण होतं ते.

"सापडलं!"

"मग बघतेस काय? ओढ!"

ते वर्षभर फुगून बसलं होतं. दोघींनी मिळून कडी धरली. मॉझेलने पाय रोवून जोर लावला आणि बेटावरच्या पुरुषांनी होडी ओढताना द्याव्यात तशा दोन कचकचीत शिव्या हासडल्या. लिओनाने आईच्या तोंडून असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. झाकण निघालं. दोघी मागे कोसळल्या आणि भोकातून पाणी उसळून वर आलं. गवत, कोंबडीची पिसं, फेस, कोणाचा तरी लाकडी चमचा. ते चुलीखाली गेलं, टेबलाखाली गेलं, घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं. मग सगळं घर एकदा कण्हलं आणि धप्प करून खाली बसलं.

"बसलं," मॉझेल म्हणाली. ती पाण्यातच बसली होती आणि हसत होती.

माळ्याच्या जिन्यावर पाचव्या पायरीवर दोघी बसून राहिल्या. खाली खुर्च्या तरंगत होत्या. लिओनाच्या तळहातातून रक्त येत होतं; तिने त्याला परकराची चिंधी गुंडाळली होती.

"माझी पत्रं कोण वाचतं?" तिने विचारलं.

"एलवुड."

"आणि उत्तरं?"

"मी सांगते, तो लिहितो. त्याचं अक्षर बरं आहे माझ्यापेक्षा."

"दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ती दोरी बांधलीय..."

"कपड्यांना."

"आई!"

"बरं, कपड्यांना नाही. धरून जायला."

"म्हणजे सगळ्या बेटाला ठाऊक! मी तेवढी मूर्ख!" लिओनाचा आवाज फुटला. "मी पोटची पोर तुझी. मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू बॅग घेऊन आली असतीस."

"मी बॅग घेऊनच आले!"

"बघ."

लिओनाला रडू आलं आणि रडताना हसू आलं, आणि त्या हसण्याचाही तिला राग आला. "तू पडली असतीस म्हणजे? चुलीवर भाजली असतीस? मला एलवुडकाकाच्या सुरेख अक्षरात कळलं असतं!"

"पडले असते तर इथे पडले असते. इथली प्रत्येक पायरी मला ओळखते. तुझ्या दोन खोल्यांत काय करू मी? तू कामाला जाणार. मला खिडकीशी बसवून जाणार. कशाला गं? बघायला?"

लिओनाने हातावरची चिंधी आवळून बांधली. मॉझेलने चाचपत तिचा चिंधी बांधलेला हात शोधला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "मीठ लागलंय जखमेला. लवकर भरेल."

पाच वाजता पाणी उतरायला लागलं. मॉझेल लगेच उठली.

"झाडू घे."

"आत्ता? अजून गुडघाभर आहे पाणी!"

"मग केव्हा? निघून गेल्यावर? पाण्याच्या मागे झाडू लावायचा असतो. ते जाताना गाळ घेऊन जातं. एकदा गेलं की मग बस महिनाभर खरवडत."

दोघींनी झाडायला घेतलं. भिंतींपासून मधल्या भोकाकडे, पाण्याच्या ओढीबरोबर, न थांबता. मॉझेल झाडत पुढे जायची आणि मागून पाय फिरवत यायची. लिओनाला दिवसाउजेडी जो गाळ दिसला नव्हता तो आईच्या तळव्यांना कळत होता.

"कोपरा राहिला तुझा."

"कुठला?"

"फडताळाखालचा. शाळेत अशीच स्वच्छता ठेवतेस का? पोरं जगतात कशी?"

लिओनाने फडताळाखाली झाडू घातला. वाटीभर चिखल निघाला. तिने तो भोकात लोटला. बेटावर बूच काढण्याइतकंच हे झाडणंही वेळेवर व्हावं लागतं, आणि आंधळी बाई तिच्यापेक्षा दुपटीने ते करत होती. पण ती आंधळी होती. दोन दिवसांनी पाहणीचा माणूस येणार होता आणि त्याला लिओनाने एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. चार वर्षं जे जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं असतं. आई बाहेर आली असती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली असती. लिओनाला माफ मात्र कधी केलं नसतं. लिओना रात्री माळ्यावर आईशेजारी आडवी झाली तेव्हा तिने ते वाक्य मनात दोनदा जुळवून पाहिलं आणि कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एलवुड पाहणीच्या साहेबाला घेऊन आला. स्टोव्हॉल नावाचा चाळिशीचा, सभ्य माणूस होता, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. तोवर तो चार घरं पाहून आला होता. चर्च होतं तिथे होतं. दोन घरं मात्र गेली होती. एकाचा पत्ताच नव्हता; म्हातारे ट्रिपलेट नवराबायको एलवुडच्या ओसरीवर बसून होते. दुसरं, गिब्ज भावांचं, पाव मैलावर दलदलीत जाऊन तिरकं बसलं होतं. घाईत होडीवर जाताना थोरल्याला वाटलं धाकट्याने बूच काढलं, धाकट्याला वाटलं थोरल्याने. दोघं दलदलीच्या काठावर उभे राहून अजून एकमेकांना बोल लावत होते आणि साहेबाने त्यांच्या देखत त्यांच्या घरावर काट मारली होती.

साहेब वाकून घराखाली गेला, प्रत्येक खांबाला हात लावून बघितला, काहीतरी लिहिलं आणि आत आला. आत आल्यावर मात्र थबकला. स्वयंपाकघराच्या मधोमध कुऱ्हाडीने फोडलेलं भोक, भोवती फाटलेलं तांबडं मेणकापड, भिंतींवर कमरेएवढी पाण्याची रेघ.

"वादळाने फोडली जमीन?"

"वादळ कशाला फोडेल?" मॉझेल म्हणाली. ती टेबलाशी ताठ बसली होती, स्वच्छ झगा घालून, केस विंचरून. "आम्ही फोडली. पाण्याला आत घ्यायला. घर खांबांवर आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. बसा, साहेब. लिओना, त्यांना कॉफी दे."

साहेब बसला. त्याने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. "हा वाचून बघा, मिसेस फुल्चर, आणि खाली सही करा."

एलवुड चटकन पुढे झाला. "मी वाचून दाखवतो. तिचा चष्मा गेला वाहून परवा."

मॉझेलने आयुष्यात कधी चष्मा लावला नव्हता.

"हरकत नाही, मीच वाचतो," साहेब म्हणाला आणि त्याने वाचलं. घर खांबांवर उभं, राहण्याजोगं. राहणारी माणसं: मॉझेल फुल्चर. मग त्याने पेन तिच्यासमोर ठेवलं. मॉझेलने हात पुढे केला. हात पेनच्या पलीकडे गेला, टेबलावर सरकला, कॉफीच्या कपाला लागला. एलवुडने श्वास रोखला. साहेबाने ते सगळं पाहिलं. पेन उचलून त्याने हळूच तिच्या बोटांत दिलं आणि कागद मात्र स्वतःकडे ओढून घेतला.

"मिसेस फुल्चर, इथे एक ओळ आहे. स्वतःच्या बळावर राहू शकतात, म्हणून. खाली सही माझीही असते." तो खरोखर अवघडला होता. तो लिओनाकडे वळला. "तुम्ही यांच्या मुलगी ना? तुम्हीच सांगा. या इथे एकट्या राहू शकतात?"

पेन मॉझेलने मुठीत घट्ट धरलं होतं. चार वर्षं ती ज्याला भीत होती तो प्रश्न हाच होता आणि तो चुकीच्या माणसाला विचारला गेला होता.

लिओना कॉफीचं भांडं घेऊन चुलीशी उभी होती. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. भाड्याच्या खोल्यांची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत होती; वादळात हरवू नये म्हणून तिने ती तिथे अडकवली होती. तिने भांडं चुलीवर ठेवलं.

"नाही," ती म्हणाली.

एलवुडने मान खाली घातली. मॉझेलच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. फक्त तिने पेन टेबलावर ठेवलं.

"एकटी नाही राहू शकत," लिओना म्हणाली. "दोघी राहतो आम्ही."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग एलवुडकडे. एलवुड छताकडे बघत होता.

"नाव?"

"लिओना." ती क्षणभर थांबली. "लिओना फुल्चर."

"या घरात कधीपासून राहता?"

"एकोणीसशे एकवीसपासून. याच खोलीत जन्मले."

"सलग?"

लिओनाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. बावीस वर्षं, एक लग्न, एक मयत, शाळेचं स्वयंपाकघर, हे सगळं त्या एका शब्दात लपवायचं होतं.

मॉझेलने चाचपत टेबलावरचं पेन पुन्हा शोधलं आणि साहेबाच्या दिशेने पुढे केलं.

"मधे जरा बाहेर गेली होती," ती म्हणाली. "लिहा तुम्ही."